मोहम्मद नावाची अकरा मुलं

गेल्या वर्षी रबीउल अव्वलच्या महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली. चूक कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर झाली, पण तिचा निस्तार जुम्याच्या दिवशी मशिदीच्या ओट्यावर उभं राहून करावा लागला. शाळेत, घरात किंवा जमातीच्या कार्यालयात मराठी-उर्दू टाइप करणारे आपल्या वाचकांत बरेच असतील. त्यांच्या उपयोगाची म्हणून ही हकिगत लिहीत आहोत.

आम्ही शाळेत दोन भाषा शिकवतो. उर्दू आणि मराठी. त्यामुळे स्टाफरूममधल्या एकुलत्या एका डेस्कटॉपवर बसून दोन्ही भाषांतले कागद तयार करायचं काम आपसूक आमच्याकडे आलं. प्रश्नपत्रिका, पालकांना पत्रं, गॅदरिंगच्या पत्रिका आणि दरवर्षी सीरत निबंध स्पर्धेची पुस्तिका. पुस्तिकेत मुलांचे निबंध दोन्ही भाषांत छापतो, म्हणजे शेजारपाजारच्या हिंदू घरांतही ती वाचली जाते.

तीन भाषांत टाइप करणाऱ्याचे हाल तोच जाणे. कीबोर्डवरची एम ही एकच चावी घ्या. इंग्रजी चालू असेल तर एम उमटतो. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्याच चावीवर ‘स’ येतो. आम्ही वापरतो त्या उर्दू फोनेटिक मांडणीत तिथे मीम बसलेला असतो. कुठली भाषा चालू आहे याचं भान सुटलं, की अर्धी ओळ भलतीच होऊन बसते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. ती एकदा बोटांत बसली की मराठी झरझर लिहिता येतं. पण भाषा बदलण्यासाठी दरवेळी माउस हातात घेऊन पडद्याच्या कोपऱ्यात जायचं, तिथून भाषा निवडायची, परत यायचं. पुस्तिकेच्या दिवसांत हे दिवसातून शंभरदा होई. मनगट दुखायला लागलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी मलम दिलं आणि माउस कमी वापरा म्हणाले.

एमएससीआयटी आम्हीही पास झालो आहोत, पण शॉर्टकट म्हणून आम्हाला येत होतं ते एवढंच: कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, आणि चुकलं तर कंट्रोल झेड. कापणं, नक्कल करणं आणि चिकटवणं ही कल्पना लॅरी टेस्लर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रुजवली. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे गल्लीच्या तोंडावरचं दुकान, त्यामुळे हे वाचून आम्हाला गंमत वाटली. टेस्लर २०२० साली वारले. झेड, एक्स, सी, व्ही या चार चाव्या खालच्या ओळीत डाव्या हाताशी शेजारी शेजारी आहेत, हात न उचलता दाबता येतात. एवढं आपल्याला आयतं मिळालं आहे. पण आपल्या कामाच्या चाव्या आपणच ठरवू शकतो, हे मात्र आमच्या दहावीतल्या एका मुलीनं आम्हाला शिकवलं. तिच्या भावाचं सायबर कॅफे आहे.

तिनं पहिल्यांदा भाषेची सोय केली. विंडोज १०मध्ये सेटिंग्जमधून डिव्हायसेस, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज उघडायचं. तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ म्हणून एक ओळ आहे. ती उघडली की आपल्या मशीनवर जेवढ्या भाषा आहेत त्यांची यादी दिसते आणि प्रत्येकीला स्वतंत्र चावी देता येते. तिनं डावा आल्ट, शिफ्ट आणि १ म्हणजे इंग्रजी, २ म्हणजे मराठी, ३ म्हणजे उर्दू असं लावून दिलं. नुसतं आल्ट आणि शिफ्ट दाबूनही भाषा बदलते, पण ती एकामागून एक फिरत जाते, त्यामुळे आता कुठे आलो ते बघत बसावं लागतं. आकडा लावला की थेट त्या भाषेत. उर्दू उजवीकडून सुरू करायला कंट्रोल आणि उजवा शिफ्ट, परत मराठीसाठी कंट्रोल आणि डावा शिफ्ट. चार दिवसांत बोटांना सवय झाली आणि मनगटही निवळलं, अल्हम्दुलिल्लाह.

माणसाला एक सोय मिळाली की दुसरी हवी होते. सीरत पुस्तिकेत प्रेषितांचं नाव प्रत्येक पानावर दहा-बारा वेळा येतं. दरवेळी पूर्ण दुरूद टाइप करायचं म्हणजे वेळ जातो. म्हणून आपल्या बहुतेक मराठी नियतकालिकांत (स.) एवढंच छापतात, उर्दूत नुसता स्वाद काढतात. आम्हाला हे लहानपणापासून खटकतं, कारण आमचे अब्बा कातिब होते. लग्नाचे रुक्के, जलशांचे इश्तिहार, एका उर्दू साप्ताहिकाची पानं त्यांनी बरूच्या कलमानं लिहिली. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ साली नूरी नस्तालीक कॉम्प्युटरवर आणलं, पुढे १९९४ साली दिल्लीहून इनपेज निघालं आणि अब्बांसारख्यांचं काम हळूहळू थांबलं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. पण नुसत्या स्वादाबद्दल मात्र ते आजही चिडतात. इब्ने सलाह यांचं नाव ते घेतात. हे सातव्या हिजरी शतकातले हदीसचे मोठे विद्वान, वफात ६४३ हिजरी, म्हणजे इ.स. १२४५. हदीस लिहिणाऱ्यांना त्यांनी बजावलं आहे की नाव येईल तितक्या वेळा सलाम पूर्ण लिहा, कंटाळू नका, खुणांवर भागवू नका. तेव्हा तर कागदही महाग होता, असं अब्बा वर सांगतात.

तर आम्ही ठरवलं की यंदाच्या पुस्तिकेत पूर्ण दुरूद येईल. उर्दूसाठी सोपा मार्ग होता. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्ड ठेवून एफडीएफए ही चार अक्षरं टाइप करायची आणि लगेच आल्ट आणि एक्स दाबायचं. त्या चार अक्षरांच्या जागी अख्खं दुरूद एका सुबक चिन्हात उमटतं. युनिकोडमध्ये ते एकच अक्षर धरलेलं आहे, सुटं करून लिहिलं तर मधल्या मोकळ्या जागा धरून अठरा भरतात. मराठीसाठी असं आयतं चिन्ह नाही. तिथे आम्ही ऑटोकरेक्ट वापरलं. वर्डच्या ऑप्शन्समध्ये प्रूफिंगखाली ते आहे. डाव्या चौकटीत आपण जे टाइप करू ते लिहायचं, उजव्या चौकटीत त्याच्या जागी जे यायला हवं ते. आम्ही डावीकडे ‘मो’ लिहिलं, आणि उजवीकडे ‘मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम)’.

दोन अक्षरं टाइप करून स्पेस दिली की नाव आणि सलाम दोन्ही हजर. पुस्तिका तीन दिवस आधी तयार झाली. घरी येऊन आम्ही अब्बांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, प्रत्येक ठिकाणी सलाम पूर्ण आहे हे बघून खूश झाले. मग विचारलं, इतक्या लवकर कसं? आम्ही सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बेटा, ये तो मशीन ने लिखा. तुमने कब पढ़ा?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. त्यांचं म्हणणं असं की कलमानं सलाम लिहायला हाताला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जीभ तो म्हणून मोकळी होते. लिहिणं आणि म्हणणं वेगळं राहतच नाही. आमचे हात इतके झपाट्यानं पुढे गेले की जिभेला सवड मिळाली नाही. खरं होतं. तीनशेवर ठिकाणी दुरूद उमटलं होतं आणि आम्ही टाइप करताना किती वेळा म्हटलं होतं, ते अल्लाहला माहीत.

पुढच्या आठवड्यात नववीच्या घटक चाचणीचा निकाल लागला. शाळेत क्लार्क नवीन आले होते. पंचविशीचा मुलगा, गाव लातूरकडचं, टायपिंगचा वेग चांगला. ऑफिसचं मशीन बिघडलेलं म्हणून ते स्टाफरूमच्या डेस्कटॉपवर बसले. त्या मशीनवर सगळे एकाच नावानं लॉगिन करतात. इथेच मेख होती. ऑटोकरेक्टमध्ये आपण घातलेला शब्द त्या लॉगिनखाली साठतो. आमची फाइल आम्ही बंद केली होती, पण आमचा ‘मो’ तिथे दबा धरून बसला होता.

आपल्याकडे मुलांची नावं कशी असतात ते सांगायला नको. हजेरीपटावर मोहम्मद नावाची अकरा मुलं, आणि हजेरीपटात जागा वाचवायला प्रत्येकाच्या नावामागे ‘मो.’ लिहिलेलं. क्लार्कनं ‘मो’ टाइप करून टिंब दिलं की शब्द संपला असं समजून ऑटोकरेक्ट आपलं काम करत होतं. चांगला टायपिस्ट पडद्याकडे बघत नाही, समोरच्या कागदाकडे बघतो. शेवटी यादीवर नजर टाकली तेव्हा त्यांनाही ते दिसलं. पण त्यांना वाटलं, ‘मो.’चं पूर्ण रूप असंच असणार, यांच्यात आदरानं असं लिहीत असतील, मशीनला आधीच सांगून ठेवलेलं दिसतं. हे त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. त्यात काही खोट नव्हती. गुरुवारी संध्याकाळी यादी बोर्डावर लागली.

शुक्रवारी सकाळी आम्ही फाटकातून आत आलो तर बोर्डापुढे गर्दी. अकरा मुलांच्या नावांत पवित्र सलाम, आणि त्यांतल्या चौघांच्या पुढे लाल शाईत ‘गणित – अनुत्तीर्ण’. एका पालकानं मोबाइलवर फोटो काढला होता. मुख्याध्यापकांनी यादी काढून घेईपर्यंत तो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. आणि गर्दीतून एक वाक्य आमच्या कानावर आलं: “नया क्लार्क है ना, जानबूझकर किया होगा.”

यादी पाहताक्षणी काय झालं ते आम्हाला कळलं होतं. दुसऱ्या कुणाला कळायचं कारणच नव्हतं. इथे आम्ही जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर या हकिगतीला अर्थ नाही. आम्ही काहीच बोललो नाही. वर्गावर गेलो, हजेरी घेतली, पहिली तासिका शिकवली, दुसरी शिकवली. मनात हिशेब चालू होता: आपण वीस वर्षं या गावात शिकवतो, सीरतची पुस्तिका काढतो, लोक मान देतात. हे आपल्यामुळे झालं म्हटल्यावर काय राहील? दोन दिवसांत विषय थंड होईल. क्लार्कची बदली झाली तर झाली, त्यांचं हे गावही नाही. इतका हलका विचार आम्ही केला. खिडकीतून ऑफिस दिसत होतं. तो मुलगा खुर्चीवर बसून होता, पुढ्यातला चहा तसाच.

दुसऱ्या तासिकेनंतर त्या चौघांतला एक मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, मेरा नाम सही करके दूसरी लिस्ट लगाओ ना. अम्मी रो रही है. बोली, तेरे नाम के साथ ये हुआ, तू फेल क्यों हुआ.” गणितात नापास झाल्याचं त्याला काही नव्हतं. आपल्या नापास होण्यानं बेअदबी झाली असं त्या पोराला वाटत होतं.

आम्ही तिथून थेट मुख्याध्यापकांकडे गेलो. क्लार्कनाही बोलावून घेतलं आणि दोघांपुढे मशीनवर करून दाखवलं. ‘मो’, टिंब, आणि सगळं उमटलं. मुख्याध्यापक बराच वेळ पडद्याकडे बघत होते. क्लार्क एवढंच म्हणाले, “सर, सकाळीच सांगायचं होतं.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

जुम्याच्या नमाजेनंतर इमामसाहेबांची परवानगी घेऊन आम्ही ओट्यावर उभे राहिलो. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगून काही उपयोग नव्हता. आम्ही म्हणालो, सलाम पूर्ण लिहिला जावा म्हणून मशीनला एक शब्द शिकवला होता, तो आम्ही नीट विचार न करता निवडला, आणि तो मुलांच्या नावांना लागला. क्लार्कचा यात काडीचा दोष नाही, दोष आमचा आहे, आणि सकाळी सांगायला हवं होतं ते आम्ही दुपारी सांगतो आहोत हा दुसरा दोष. काही चेहरे कठोरच राहिले. एका बुजुर्गांनी विचारलं, मशीनला शिकवण्यापेक्षा हातानं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? इमामसाहेब म्हणाले, नियत चांगली होती, गफलत झाली, तौबा करा आणि ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागा. फोटो टाकणाऱ्या पालकानं तो ग्रुपवरून काढला आणि संध्याकाळी स्वतः शाळेत येऊन क्लार्कशी हात मिळवून गेला. त्या मुलाच्या आईकडे आम्ही आमच्या घरच्यांना घेऊन गेलो. तिनं शेवया केल्या होत्या.

शनिवारी आम्ही ‘मो’ काढून टाकला. पण पुस्तिका पुढच्या वर्षीही निघणार होती, म्हणून दुसरी पद्धत शोधली. सलामच्या मजकुरावर काळी पट्टी आणून आल्ट आणि एफ ३ दाबलं की वर्ड तो तुकडा साठवून घेतं. जागा नॉर्मल हीच ठेवायची. मग ऑप्शन्समध्ये कस्टमाइझ रिबन, तिथे अगदी तळाला कीबोर्ड शॉर्टकट्सपुढे कस्टमाइझचं बटण. जी यादी उघडते तिच्यात बिल्डिंग ब्लॉक्स निवडला की आपला तुकडा दिसतो आणि त्याला चावी देता येते. पण चावी दाबल्यावर लगेच असाइन करू नका. ‘करंटली असाइन्ड टू’ ही ओळ आधी वाचा. दुरूदचा डी म्हणून आम्ही कंट्रोल, आल्ट आणि डी दाबलं, तर ती चावी शेवटची टीप घालण्यासाठी आधीच दिलेली निघाली. शिवाय विंडोजमध्ये डावीकडचं कंट्रोल आणि आल्ट एकत्र म्हणजे उजवा आल्टच समजला जातो, आणि बऱ्याच कीबोर्डांवर उजव्या आल्टनं जादा अक्षरं उमटतात. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह उजवा आल्ट आणि ४ नं येतं, ते त्यामुळेच. कंट्रोल, आल्ट आणि ४ तुम्ही दुसऱ्या कामाला लावलं तर रुपया गेला. म्हणून अक्षरांच्या आणि आकड्यांच्या वाटेला न जाता आम्ही कंट्रोल, आल्ट आणि एफ ९ घेतलं. आमच्या मशीनवर ती चावी मोकळी होती.

तीन चाव्या निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. कंट्रोल, आल्ट, डिलीट हे त्रिकूट आयबीएमचे इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी बसवलं. त्याने मशीन एकदम नव्यानं सुरू होत असे. आधी त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि एस्केप घेतलं होतं, पण ते एका हाताने चुकून दाबलं जाऊ शकत होतं. म्हणून तिसरी चावी त्यांनी मुद्दाम दुसऱ्या टोकाला नेली. आमचंही तसंच. डावा हात कंट्रोल-आल्टवर आणि उजवा वर एफ ९वर गेल्याशिवाय काही उमटत नाही. नाव चावीतून काढून टाकलं आहे. नाव प्रत्येक वेळी हातानं अक्षर-अक्षर लिहायचं, मग थांबायचं, आणि मग दोन्ही हात लावायचे. आणि आता स्टाफरूमच्या मशीनवर ज्याचं त्याचं लॉगिन वेगळं आहे. हे तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

अब्बांना आम्ही हेही दाखवलं. मशीनपुढे बसून त्यांनी स्वतः एकदा करून पाहिलं. बोटं थरथरतात, एफ ९ शोधायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांचे ओठ हलत होते.

क्लार्क अजून आमच्याच शाळेत आहेत. यादी बोर्डावर लावण्याआधी ते आमच्याकडे घेऊन येतात, काही न बोलता टेबलावर ठेवतात, आणि आम्ही शेवटच्या नावापर्यंत वाचून सही करतो. यंदा नववीत मोहम्मद नावाची चौदा मुलं आहेत.